गुडघ्याचं तेल आणि च ची भाषा

माझ्या बायकोने दुपारच्या फोनवर परदेशातल्या तिच्या ताईला सांगितलं, की गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. तेव्हापासून आमच्या धायरीच्या घरातलं भाषणस्वातंत्र्य धोक्यात आलं.

यजमान गेल्यावर ताईंना मुलाने आपल्याकडे नेलं. तिथे त्यांची काळजी सगळे घेतात, गप्पा कोणी मारत नाही. मुलगा मराठी बोलतो, पण ‘औषध घेतलंस का’ एवढंच. त्यामुळे रोज दुपारी तासभर चालणारा हा इंटरनेटवरचा फोन हीच त्यांची पेठ आणि हाच त्यांचा कट्टा.

जाहिरातीनंतर त्या तासाची पाच मिनिटं झाली. “बरी आहेस ना? आमच्याकडे ऊन आहे. ठेवते.” शेवटी ताईंनीच विचारलं, “माझं काही चुकलं का गं?” बायकोला ते फार लागलं. पण फोनच्या अ‍ॅपची कंपनी ऐकतेय म्हटल्यावर खुलासा तरी कसा करणार?

त्या अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘आपल्या खासगीपणाचा आम्ही मनापासून आदर करतो.’ दारातूनच आदर व्यक्त करत आत येणाऱ्या माणसाच्या हातांकडे लक्ष ठेवावं, असं माझं जुनं मत आहे.

आमची सून खराडीला नोकरी करते. आत काय चालतं ते कंपन्या दाखवत नाहीत अशी सॉफ्टवेअर बाहेरून उलगडायची, हे तिचं काम. एका रविवारी तिने सासूच्या फोनमधून जे जे बाहेर पडतं ते आधी आपल्या लॅपटॉपमधून जाईल अशी व्यवस्था केली आणि दिवसभर पडद्यासमोर बसली. संध्याकाळी निकाल लागला.

“आई, तुमचे शब्द कुलूप लावूनच बाहेर जातात. मलाही वाचता आले नाहीत. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळ बोलता, ते कंपनीला कळतं.”

“ते समोरच्या वहिनींनाही कळतं. तेलाचं काय?”

“साठीपुढच्या सगळ्यांनाच ते तेल दाखवतात, आई.”

हा खुलासा जाहिरातीपेक्षा जास्त झोंबला.

“आणि त्या कुलपाची दुसरी किल्ली कंपनीकडे नसेल कशावरून?”

“तेवढं बाहेरून नाही सांगता येत.”

“म्हणजे आहे,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मटार सोलायला घेतले, फोन डब्याला टेकवला, स्पीकर लावला आणि म्हणाली, “चईता, चशीक चहेसआ?”

पलीकडे ताई अशा काही हसल्या, की इकडे बायकोच्या हातातले मटार सांडले. ही त्यांची शाळेतली च ची भाषा, मोठ्यांना कळू नये म्हणून वापरलेली. तास पुन्हा तासाचा झाला. सुनेने दोन मिनिटं ऐकून हात टेकले.

मी मुलांच्या शाळेत शिकलो आणि मला बहीण नाही, त्यामुळे ही विद्या माझ्याकडे नव्हती. पण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि तोंडासमोर धरायला वर्तमानपत्र असतं. फोन ठेवताना बायको रोज ‘चवतेठे’ म्हणते, हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे ‘ठेवते’. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, त्याच्या जागी च बसवायचा. सुनेने कंपनीचं सॉफ्टवेअर उलगडलं, मी घरचं.

आठवडाभर माझ्या घोरण्याची चर्चा ऐकली. अतिशयोक्ती होती. मग एका दुपारी ताई हळू आवाजात म्हणाल्या, “चलाम चण्यालापु चयचंयया.”

मला पुण्याला यायचंय.

तिकडे शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा काम करत होता. त्याला वाईट वाटेल, आणि इथे आपला भार कुणावर टाकायचा, असंही त्या त्याच भाषेत म्हणाल्या. कंपनीची भीती आमची होती. ताईंना कुलूप हवं होतं ते घरातल्या घरात. बायको नुसती मटार सोलत राहिली. खोली आहे, पण नवऱ्याला विचारायला हवं, आणि विचारायचं तर ताईंचं गुपित फोडायला हवं.

संध्याकाळी चहा घेताना मी म्हणालो, “मागच्या खोलीतलं सामान काढून टाकू या का? ऊन चांगलं येतं तिथे. कुणी राहायला आलं तर बरं.”

“कोण येणार आहे?”

“कुणी नाही. सहज.”

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “चम्हीतु चकताऐ?”

“चहीना,” मी म्हणालो.

तोंडातून शब्द गेला तेव्हाच कळलं, की कुलपं सगळी शाबूत असतानाही माणूस स्वतःच किल्ली देतो. ती आधी चिडली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग उठून मागच्या खोलीतली खोकी बाहेर काढायला लागली.

ताईंनी मुलाला कसं सांगितलं, तो काय म्हणाला, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. आता दोघी बहिणी रोज दुपारी मागच्या खोलीत बसतात, साध्या मराठीत बोलतात.

दार लावून.