गोगलगायींना सात दिवसांची नोटीस

बेलिफसाहेबांनी एकतीस वर्षं लोकांना घराबाहेर काढलं, आणि त्यांतल्या एकाशीही त्यांचं भांडण झालं नाही. कोर्टाचा कागद घेऊन ते दारात जायचे, चपला काढायचे, प्यायला पाणी मागायचे आणि मग नोटीस सावकाश वाचून दाखवायचे. सामान बांधायला सात दिवस पुरत नाहीत असं कुणी म्हटलं, की वरचा एक दिवस स्वतःच्या जबाबदारीवर द्यायचे. कोर्टातले कारकून त्यांना पाठीमागे ‘गोगलगाय’ म्हणत. पोटात पाय आहेत की नाहीत, यावर मात्र कारकुनांचं एकमत नव्हतं.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांच्याच स्वयंपाकघरात गोगलगायी शिरल्या, तेव्हा शेजारच्या गवंड्याला हसू आवरेना. भाऊबंद भेटायला आले वाटतं, म्हणाला.

या शंखवाल्या नव्हत्या. उघड्याच, करड्या, बोटभर लांब. पहाटे मोरीच्या पाइपाजवळून निघायच्या आणि ओट्यावर चकाकत्या रेघा ओढून ठेवायच्या. गवंड्याने पाइपाभोवती सिमेंट भरलं, तर त्या दाराखालून आल्या. बेलिफसाहेबांच्या बायकोने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी ती चहा ठेवायला उठली आणि एक नेमकी तिच्या अनवाणी पायाखाली आली. ती ओरडली नाही. तिने पाय तीनदा साबणाने धुतला, पिशवी भरली आणि म्हणाली, “या घरात एक तर त्या राहतील, नाही तर मी. काय ते ठरवा आणि कळवा.” मग दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे निघून गेली.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. चहा केला तर एकट्यापुरता होईना, सवयीने दोन कप व्हायचा.

गवंडी म्हणाला, मूठभर मीठ टाका, विषय संपला. बेलिफसाहेब मीठ घेऊन एका गोगलगायीपुढे उकिडवे बसले. तिने शिंगं बाहेर काढली, त्यांच्याकडे वळवली आणि थांबली. दारात नवा माणूस आला की कुणीही थांबतं तशी. मीठ परत बरणीत गेलं.

“नोटीस दिल्याशिवाय कसं काढणार?” ते म्हणाले.

“त्यांना वाचता येतं का?”

“तुझ्या बापाला तरी कुठे येत होतं? पण लावली होती ना मी.”

त्या वेळी बापाच्या लोखंडी पेटीचं दुसरं टोक बेलिफसाहेबांनीच धरलं होतं, हे गवंड्याला आठवत होतं.

नोटीस रीतसर झाली. ‘समस्त गोगलगायी, राहणार मोरीमागे, यांनी सात दिवसांत स्वखुशीने ताबा सोडावा.’ डिंकावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी कणकेची खळ शिजवली आणि कागद एका फळीवर डकवला. नोटीस राहणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर लावायची, हा नियम. म्हणून फळी मोरीजवळ, जमिनीवरच.

दुसऱ्या दिवशी कागदाचा कोपरा गायब होता. चौथ्या दिवशी ‘समस्त’पासून ‘राहणार’पर्यंत सगळं गेलं. फाटली तर पुन्हा लावावी, हाही नियमच. त्यांनी नवी लावली, खळ जरा जाड दिली. सहाच्या जागी पंधरा गोगलगायी दिसू लागल्या. बेलिफसाहेबांना वाटलं, आवराआवरीला नातेवाईक बोलावले असतील. रोज संध्याकाळी ते मेहुणीच्या दारात उभे राहून किती दिवस उरले ते सांगून यायचे. बायको आतूनच हं म्हणायची. सहाव्या दिवशी तिने तेही म्हटलं नाही.

सातव्या दिवशी पहाटे ती स्वतःच आली. पायात जाड चपला, मागे पंच म्हणून गवंडी. फळीवर तेवीस गोगलगायी पंगतीला बसल्यासारख्या बसल्या होत्या आणि ‘स्वखुशीने’ हा एकच शब्द उरला होता. तिने खळ बोटाला लावून हुंगली.

“अहो, ही कशाची?”

“कणकेची.”

“म्हणजे सात दिवस तुम्ही त्यांना जेवायला घातलंत.”

गवंडी भिंतीला धरून हसत सुटला. बेलिफसाहेब मात्र खाली बघत राहिले. एकतीस वर्षांत एकही ताबा चुकला नव्हता. चुकला तो घरचाच. पिशवी तिच्या हातात नव्हती, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं.

ती ओट्यापाशी गेली. ओटा कोरडा होता. भांड्यांमागे, डब्यांखाली, फरशीवर, कुठे एक रेघ नव्हती.

“सगळ्या इथेच आहेत का?”

त्यांनी पुन्हा मोजल्या. “हजर आहेत.”

“मग धरा तिकडून.”

दोघांनी फळीची दोन टोकं धरली. परसदार ओलांडून, कुंपणापलीकडच्या गवतात, जराही न हिंदकळवता ती नेऊन ठेवली. परत येताना तिनेच बजावलं, की त्या उपाशी राहिल्या तर फिरून घरातच येतील.

तेव्हापासून दर सोमवारी खळ ती शिजवते, नोटीस ते लिहितात आणि फळी गवतातच असते. लिहिता लिहिता ते दर वेळी विचारतात, मुदत किती घालू?

“सात दिवस,” ती ढवळत म्हणते. “आणि वरचा तुमचा एक.”