म्हात्रेबाईंच्या दोन सई

म्हात्रेबाई वर्गात “सई!” अशी हाक मारायच्या आणि दोन मुली उठायच्या. एक माझी, दुसरी मिठागरवाल्यांची. बाई दोघींच्या गळ्यात पुठ्ठे अडकवायच्या. एकीवरचा ‘सी’ म्हणजे समुद्र, दुसरीवरचा ‘सी’ म्हणजे बघणं. स्पेलिंगं वेगळी, उच्चार तोच. “हाक एक, माणसं दोन. आता सांगा, होडी कुठल्या सईवर चालंल?” तिसरीची पोरं बोटं दाखवून अशी किंचाळायची की शेजारच्या वर्गाचा अभ्यास बंद पडायचा.

बाई धरमतरकडच्या. शिकवायच्या इंग्रजी, बोलायच्या मात्र खाडीकाठचं. “कान भोळा असतो गो. लिहायच्या आधी डोळ्याला विचार,” हे त्यांचं पालुपद. माझी सई जेवताना ते मलाच ऐकवायची.

पेणमध्ये माझा गणपतींचा कारखाना. त्या साली आमच्या मूर्ती पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या. चाळीस खोकी, आणि प्रत्येकावर मी स्वतः निळ्या रंगात, इंग्रजीत ‘गणेश आयडल’ रंगवलेलं. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. छाती काय फुगली होती म्हणून सांगू! नेमक्या त्याच दिवशी बाई वर्गाला कारखाना दाखवायला घेऊन आल्या. सई एका खोक्यापाशी थबकली. “बाबा, हे चुकलंय.”

सगळे कारागीर बघत होते. “गप! चार अक्षरं आली नाय तर बापाला शिकवते?” मी खेकसलो. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिनं बाईंकडे पाहिलं.

बाईंना गप्प राहून माझी लाज राखता आली असती. त्या सरळ म्हणाल्या, “दादा, सई बरोबर हाय. मूर्ती पण आयडल आणि ऐदी माणूस पण आयडल. तुम्ही स्पेलिंग दुसऱ्याचं लिहिलंत, बाप्पाला ऐदी करून टाकलंत.” कारागीर खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. “अक्षर मोत्यासारखं हाय तुमचं. चूक कानाची, हाताची नाय. मी माझ्या पहिल्या इंग्रजी अर्जात मुख्याध्यापकांना ‘तत्त्व महोदय’ लिहिलं व्हतं. प्रिन्सिपलची पण दोन स्पेलिंगं!” आता मलाही हसू फुटलं. सगळी खोकी दुरुस्त केली. सई अक्षरं सांगत होती, मी रंगवत होतो.

गेल्या वर्षी बाईंची रोह्याला बदली झाली. वरसे गावात त्यांना घर मिळालं. सामान पोचवायला मीच टेम्पो घेऊन गेलो. निघताना म्हटलं, “बाई, त्या दिवशी कारखान्यात ओरडलो, माफ करा.”

“मला कशाला? जिला गप केलंत तिला सांगा की.”

खरं सांगतो, रागच आला. बापानं पोरीची माफी मागायची? पेण येईपर्यंत तो उतरला.

घरी सई वही घेऊन बसली होती. मी म्हटलं, “सई, त्या खोक्यांच्या वेळी माझं चुकलं.”

तिनं मान वर केली. “कुठलं चुकलं, बाबा? स्पेलिंग का ओरडणं?”

“ओरडणं गो,” मी म्हटलं.