सुरक्षित फोन

बोईसरच्या आमच्या केमिकल कारखान्यात कंपनीचे फोन दुरुस्त करायला पालघरहून एक जण यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लक्षात ठेवावं असं त्याने काही केलंच नाही. फाईल उघडत नाही ही तक्रार पुरती ऐकायच्या आधीच तो रुमालाने फोनची काच पुसायचा, जणू फाईल धुळीनेच अडली होती. मग फोन बंद करून चालू करायचा आणि "आता बघा" म्हणत, आपण बघायच्या आत जिना उतरायला लागायचा.

एकदा तो आलेला असतानाच ड्रम उघडताना सातपाटीच्या ऑपरेटरच्या डोळ्यात थेंब उडाला. त्याला आम्ही नळाखाली धरलं. डॉक्टरला दाखवायचं त्या केमिकलचं माहितीपत्रक माझ्या कंपनीच्या फोनमध्ये होतं, ते काही केल्या उघडेना. या महाभागाने शांतपणे रुमाल काढला.

"बाहेरून आलेली फाईल अडवायची, असं सेटिंगच आहे. उघडत नाही म्हणजे फोन सुरक्षित आहे."

नळाखालून ऑपरेटर ओरडला, "फोन कंपनीचा हाय, डोला माजा हाय!"

शेवटी ड्रमवरचं लेबल फाडून आम्ही दवाखाना गाठला. डोळा वाचला.

मग मी सगळी पत्रकं छापून भिंतीवर चिकटवली. पुढच्या खेपेला तो ती बघून हसला. "अजून कागदच का?"

मी वळलो तसा त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि एकेका कागदाचा फोटो घेऊ लागला.

"असू दे," तो म्हणाला, "मलाही त्या ड्रमांमधूनच जावं लागतं."

कंपनीने दिलेला त्याचा फोन कमरेच्या पाकिटात सुरक्षित होता.