वेगळा रोट

पिंप्राळ्याच्या नव्या वसाहतीत अभिमन जगतापच्या घराचे फाटक दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी करकरे. बाहेरून कोणी येई म्हणून नव्हे. आतला माणूसच बाहेर येई, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाही आणि काहीही न करता परत आत जाई. झांबियातल्या एका शाळेत एकवीस वर्षे गणित शिकवून हा गृहस्थ एक्क्याण्णव सालच्या वैशाखात कायमचा परतला होता. कायमचा, असे त्याला वाटत होते. इतर कोणाला तसे वाटत असल्याचे दिसत नव्हते.

गॅसवाल्याने शिधापत्रिका मागितली. शिधापत्रिकेच्या कचेरीने आधीच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला मागितला. ज्या देशात शिधापत्रिकाच नसते, तिथून हा दाखला कोणी द्यावा, असा प्रश्न अभिमनने सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत, वरिष्ठांकडे लेखी विचारला. उत्तर आले नाही. मात्र काम न करणारा प्रत्येक लिपिक हसतमुखाने एवढे जरूर विचारी, "मग साहेब, परत कधी जाणार?"

"मी परत जायला आलेलो नाही," हे वाक्य त्याने अडीच महिन्यांत इतक्यांदा उच्चारले की त्याचे त्यालाच ते खोटे वाटू लागले. दुपारी झोप येईना. वाचायला घेतलेले वर्तमानपत्र तो तिसऱ्या पानावर टाकून देई. खुर्ची ओसरीतून खोलीत आणि खोलीतून पुन्हा ओसरीत नेई. "अहो, ती खुर्ची तरी एका जागी बसू द्या," असे त्याची पत्नी प्रमिलाबाई एकदा म्हणाल्या, तर तो दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही.

श्रावण लागला तसा त्याच्या मनाने एकाच गोष्टीवर ठाण मांडले. नागपंचमीनंतरच्या रविवारी शिरपूरला जगतापांच्या मूळ घरी कुळाची देवी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, ज्या गव्हाचे करायचे, तो गहू कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून सुपात घेतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ चुकत नाही. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, भाऊबंदांनीच संपवायचे. सासरी गेलेल्या लेकीलादेखील त्यातला घास नाही. आपण इथले की तिथले, याचा निवाडा कचेरीतले लिपिक काय करणार? तो त्या सुपात होईल, असे अभिमनला वाटले. एकदा आपल्या नावाची मूठ सर्वांसमक्ष पडली की संपले.

शनिवारी सकाळीच तो आणि प्रमिलाबाई चोपड्यावरून जाणाऱ्या एसटीने शिरपूरला पोहोचले. धाकटा भाऊ झुलाल दुकानातली शिलाई सोडून, गळ्यात टेप तसाच ठेवून सामोरा आला. चहा झाला, विचारपूस झाली. मग अंगणालगतच्या ओसरीवर सूप मांडले गेले. घरातली सर्वांत वडीलधारी बाई म्हणजे चुलती, द्रौपदाबाई. ऐंशीच्या पुढची, पण मुठीला कंप नाही. भाऊबंद भोवती उभे राहिले. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत नावे सुरू झाली.

"देवचंद," म्हणत द्रौपदाबाईंनी मूठ टाकली आणि वर चिमूटभर सव्वा. देवचंद हे चुलतकाका. वयाने त्यांच्यामागे अभिमनचाच क्रम. तो अभावितपणे एक पाऊल पुढे सरकला.

"भिकन," द्रौपदाबाई म्हणाल्या.

चुलतभाऊ भिकन त्याच्याहून चार वर्षांनी लहान. मग आधार. मग झुलाल. वीस-बावीस वर्षे मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाला गप्प राहणे शक्य नव्हते.

"काकू, माझं नाव राहिलं."

हात थांबला. झुलालने गळ्यातला टेप काढून हाताला गुंडाळायला घेतला.

"राह्यनं नही, भाऊ," द्रौपदाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुना रोट येगळा शे."

"वेगळा? कोणी केला वेगळा?"

"तूच करा. तुनी चिठ्ठी उनी व्हती ना! झुलालनी आठेच वाची, कानबाईना मोर्हे, बठ्ठास्ना देखत."

तेव्हा अभिमनला ते पत्र आठवले. अठ्ठ्याहत्तर साल असावे. झुलालने लिहिले होते की परगावी असणाऱ्यांच्या वाट्याचे रोटही घरच्यांनाच संपवावे लागतात, आणि यंदा सोमवारी विसर्जनापर्यंत खाता खाता सर्वांचे हाल झाले. लिहिले होते थट्टेने. पण अभिमन तेव्हा नुकताच विभागप्रमुख झाला होता, आणि विभागप्रमुख थट्टेला थट्टेने उत्तर देत नाहीत. त्याने उलट टपाली व्यवस्था लावून दिली : "यापुढे आमच्या नावाची मूठ घेऊ नये. आमचा रोट वेगळा समजावा. आम्ही इकडे आमचे पाहून घेऊ." भाऊ भाऊ भांडतात, चुली वेगळ्या होतात, शेताला बांध पडतो, तरी रोट एकत्र राहतो. तो वेगळा करायचा म्हणजे देवीसमोर उभे राहून सांगावे लागते आणि ते बोलणे परत घेता येत नाही. हे अभिमनला ठाऊक नव्हते असे नाही. या घरातच तो वाढला होता. पण चार हजार मैलांवरून त्याला ते केवळ धान्याच्या काटकसरीचे कलम वाटले होते; इथे मात्र झुलालने ते देवीसमोर सर्वांदेखत वाचले आणि तेच ते सांगणे ठरले. आणि तिकडे त्याने आपला रोट कधी केला? एकदाही नाही.

"मी सोय म्हणून लिहिलं होतं, काकू! तुम्हाला जास्तीचं खावं लागू नये म्हणून! आणि इतका मोठा निर्णय, तर मला कोणी उलट कळवलं का नाही?"

"तूच कळाडं भाऊ, आते आमी तुले काय कळाडतूत?" झुलाल म्हणाला. मग खाली पाहत, "मी दोन दिन जेवनू नही तव्हय."

अभिमनने मग युक्तिवाद मांडला. हेतू पाहावा, परिस्थिती पाहावी, चूक दुरुस्त करण्याची तरतूद प्रत्येक व्यवस्थेत असावी लागते. द्रौपदाबाईंनी सर्व ऐकून घेतले.

"कितलं पुस्तकना मायक बोलस रे तू," त्या म्हणाल्या. "येगळा व्हयेल रोट एक व्हत नही. मना हातमा नही ते. नवा नारय आन, तुना घर कानबाई मांड. उद्याच मांड. कोन नही म्हनस तुले?" आणि सुपाकडे वळून त्यांनी पुढले नाव घेतले.

दुपारी पानावर अभिमनला पुरी, श्रीखंड आणि बटाट्याची भाजी वाढली गेली. रोटात वाटा नसलेल्या जावयांना दरवर्षी वाढतात तीच. झुलाल आग्रह करकरून वाढत होता. अभिमनने दोन पुऱ्या खाल्ल्या, हात धुतले, अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि तीनच्या गाडीची वेळ विचारली.

पिंप्राळ्याला पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणि दोन किलो गहू घेतला. चक्कीवाला कानबाईच्या दळणासाठी चक्की धुऊन बसला होता. आठ वाजेपर्यंत थांबतो म्हणाला. प्रमिलाबाईंनी सूप पुसून जमिनीवर ठेवले. आजूबाजूच्या घरांतून बायकांच्या गाण्यांचा आवाज येत होता. या घरात मोजायला वडीलधारे कोणी नव्हते, म्हणून अभिमन स्वतःच मांडी घालून बसला. "अभिमन," असे तो मोठ्याने म्हणाला आणि मूठ टाकली. वर सव्वा. रिकाम्या खोलीत स्वतःचे नाव उच्चारताना त्याला विलक्षण ओशाळल्यासारखे झाले.

सुपाच्या मधोमध ते गहू भातुकलीतल्या धान्याइतके दिसत होते.

त्याचा हात पुन्हा पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. हेमकांत, एकुलता मुलगा, मँचेस्टरला होता. तिथले नागरिकत्व घेत असल्याचे त्याने मागल्याच महिन्यात कळवले होते. विचारले नव्हते, कळवले होते.

"त्याला विचारलंत का?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"विचारलं तर नको म्हणेल."

"आणि खाणार कोण त्याच्या वाट्याचं? शेजाऱ्यांना देता येत नाही, गाईलाही नाही."

"मी खाईन."

"तुम्हाला साखरेचा आजार आहे. दरवर्षी खाणार?"

"हेमकांत," अभिमन म्हणाला. मूठ सुपाच्या काठावर आदळली आणि निम्मे गहू फरशीवर उडाले. तो खाली वाकू लागला, तेवढ्यात प्रमिलाबाईंनी त्याला हाताने मागे सारले, कपाटाखाली गेलेले दाणेसुद्धा एकेक करून वेचले आणि सुपात टाकले.

"सव्वा राहिला," त्या म्हणाल्या. "टाका लवकर. चक्की बंद होईल."