तेल चोपडलेलं डोकं

नातीच्या डोक्यावरचे केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली तेव्हा मी सरळ मांजराला दोष दिला. ते तिच्या उशाशी झोपायचं. गोणीत घालून मनवेलपाड्याला सोडून आले. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुरशी असेल, तपासून घ्या. उशीर झाला तर तिथे केस यायचे नाहीत."

तपासणीच्या सकाळी मी पोरीचं डोकं खोबरेलाने चोपडून वेणी घातली. आमच्या नंदाखाल गावातल्या घरातून मुलगी कोरड्या डोक्याने बाहेर पडत नाही. लॅबमधली बाई चिमट्याने तुटके केस उपटताना म्हणाली, "आजी, डोकं तपासायला आणलंय की तळायला?"

काही केस तिने औषधात भिजवून काचपट्टीवर भिंगाखाली पाहिले. तासाभरात निकाल आला, बुरशी दिसत नाही.

"बघ, उगाच घाबरवलंस," मी सुनेला म्हटलं.

"आई, तेलामुळे दिसली नसेल. उरलेल्या केसांतली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणार आहेत."

तीन आठवड्यांत चाई दुप्पट झाली. मग लॅबमधून बोलावणं आलं. काचेच्या बंद बशीत जांभळट, मेणासारखं, सुरकुतलेलं काहीतरी पसरलं होतं. हे आमच्या पोरीच्या डोक्यातून निघालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "पट्टीवर बुरशी आहे की नाही एवढंच दिसतं. कुठली, ते वाढवल्यावर कळतं. ही मांजराची नाही, माणसाकडून माणसाला लागते. घरात कुणाला खाज आहे?"

सून नाही म्हणाली. परकराची नाडी बसते तिथे मला दोन पावसाळ्यांपासून गजकर्ण होतं. दुकानातली ट्यूब चोळली की दबायचं, मग आणखी पसरायचं. कुणाला दाखवलं नव्हतं. पोर रोज माझ्या कुशीत झोपायची. टॉवेल एक, फणी एक.

मी नाडी सैल केली.

"आई, इतके दिवस?" सून म्हणाली.

लॅबमधल्या बाईने पात्याने कातडी खरवडली. "तेल?"

"नाही."

या वेळी पट्टीवर बुरशी तासाभरातच दिसली.

दोघींच्या गोळ्या सुरू झाल्या. पोरीचे केस येतील का, ते डॉक्टरीणबाई अजून ठामपणे सांगत नाहीत. ती आता आईजवळ झोपते.

"आजी, म्हणजे मांजराने काही केलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी केलं."