लॉरीची खांदमळणी

हसणार असाल तर आधी चहा संपवा राजेहो, नाहीतर नाकातून येईल आणि दोष मला द्याल. अहो, मोटार बिघडवणारे खूप पाहिले असतील तुम्ही. पण मोटारीला लोणी चोळणारा शहाणा अख्ख्या मुलखात मी एकटाच!

मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. सालेकशाकडच्या आमच्या गावच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, नागपुराहून एक जुनी लॉरी आणली, गोंदियाला धान न्यायला. मी त्यांचा गाडीवान. बैल हाकता येतात म्हणजे लॉरीही हाकेल, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं! नागपुरात मिस्त्रीकडे राहून शिकून आलो आणि गावात ‘डायवर’ म्हणून मिरवू लागलो. माझी चालच बदलली होती.

निघताना मिस्त्रीनं लॉरीतली पायाखालची फळी उचलून दाखवली होती. आत चामडं मढवलेली एक मोठी वाटी. म्हणाला, “ये क्लच है. ये चमड़ा इंजन के चक्के को पकड़ता है, तब गाड़ी चलती है. सारा बोझ इसी पे है भाई, इसका खयाल रखना.”

एवढ्या सगळ्यातून मी काय लक्षात ठेवावं? बोझ!

मग आला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे, ही आपली रीत. वर्षभर जू वाहून सोलून निघतात बिचारे. बायको खांदे मळून आली ती लोण्याची वाटी हातात घेऊनच. लॉरीकडे बघत म्हणाली, “बैलाइचे झाले. हिचा खांदा काऊन नाही मळत? थे बी त भार वाहते.”

“अवं, लॉरीले कुठचा खांदा!”

“तुमी डायवर ना? तुमाले नाही माहीत?”

आता हे कोणता डायवर ऐकून घेईल? उचलली फळी! “हा पाहा खांदा. सारा भार याच्यावरच. मिस्त्रीनं सांगतलं.”

मग काय, दोघांनी मिळून त्या चामड्याला लोणी चोळलं. असं चोळलं, असं चोळलं, की बोट टेकवलं तरी निसटावं. वर बायकोनं लॉरीच्या दिव्याजवळ तोंड नेऊन, बैलांना देतात तसं जेवणाचं आवतणही दिलं.

दुसऱ्या दिवशी मालगुजारांनी मला बाजूला घेतलं. तोरणाखालून सगळ्यांत आधी त्यांचे बैल जायचे, हा त्यांच्या घराण्याचा मान. यंदा त्यांनी जाहीर केलं होतं, आधी लॉरी जाणार!

“गोविंदा, सारा गाव हासून राहिला मले. लॉरी पयली निंगाली, त तू जन्माचा डायवर. नाही निंगाली, त लॉरी इकतो अना तू उद्यापासून नांगरावर.”

नांगर? नागपूर पाहून आलेल्या माणसानं?

गुरं जमायच्या मोकळ्या आखरावर पोळा भरायचा. मालगुजारांच्या घरापासून तिथवर सगळा उतार. लॉरी आली झोकात! खरं तर घरंगळत आली होती, पण ते मला तेव्हा कुठं कळणार? परतीचा चढ समोर, चढाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण, मागे सजवलेल्या बैलजोड्यांची रांग. लॉरीत मालगुजारांची पाहुणेमंडळी फेटे बांधून बसलेली.

ढोलकी वाजली. मी गिअर टाकला, क्लचवरचा पाय सोडला. इंजिन ओरडलं, घर्रर्र! आणि लॉरी जागच्या जागी.

“का झालं बे?” मालगुजारांनी विचारलं.

“चालून राहिली ना मालक!”

“कुठी चालून राहिली? उभीच त हाय!”

खरंच की! इंजिन चालू, गिअर पडलेला, ब्रेक सुटलेला, मग ही जात का नाही? मी अजून जोर दिला. मागचे बैल बुजले, लॉरी थरथरली, पण हलेल तर शपथ!

“भार झाला, उतरा जी सारे!” मी ओरडलो. पाहुणे तोंडं वाकडी करत उतरले. लॉरी वीतभर सरकली आणि पुन्हा थांबली. कोणी म्हणालं नजर लागली, लिंबू बांधलं. कोणी नारळ फोडला. मागून आरडाओरडा सुरू, “अरे, बैल खोळंबून राहिले!” माझ्या डोक्याचा नुसता भुगा. अशात एकदम उजेड पडला. खांदा सुकला असेल!

“लोनी आन वं!”

बायको पळत जाऊन अख्खं मडकंच घेऊन आली. फळी उचलली, सगळं आत रिकामं केलं. पुन्हा घर्रर्र! आता तर ती थरथरेनासुद्धा. आणि राजेहो, आखरभर वास सुटला, लोणी कढवल्याचा! खमंग! गावातली कुत्री लॉरीखाली येऊन बसली. एक म्हातारी ओरडली, “कोनाच्या घरी लोनी कढून राहिलं वं? करपलं ना!”

मालगुजार वास घेत घेत माझ्या पायापाशी आले. “गोविंदा, आत का शिजून राहिलं?”

सांगितलं सगळं. ते म्हणाले, “मिस्त्री का म्हनला होता? पुरं सांग.”

मी सांगू लागलो, “ये चमड़ा चक्के को पकड़ता है...” आणि ‘पकड़ता है’ म्हणताच मी कपाळावर हात मारला. पकडायच्या चामड्याला मी मडकंभर लोणी पाजलं होतं!

आता करायचं काय? वाट तर अडलेली. मी भीत भीत म्हणालो, “मालक, दोन बैलजोड्या जुंपल्या त...”

“पोळ्याच्या दिवशी बैलाइले जू? पाप करतं का?” त्यांनी दोर मागवले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “बैलाइले आज सुट्टी हाय. तुले नाही. लाग पुढं!”

पुढे मी, मागे गावातले दहा-बारा गडी. दोर खांद्यावर घेऊन, फेसाळत ओढली लॉरी, तोरणाखालून, सगळ्यांत आधी! थेट मालगुजारांच्या दारापर्यंत.

दारात मालकीणबाई उभ्या. बैलांचे पाय धुवायला तांब्या, ओवाळायला ताट, वर पुरणपोळी. त्यांनी लॉरी पाहिली, दोर पाहिला, मला पाहिलं. अगदी गोंधळून गेल्या. “अवो, पाय कोनाचे धुवू जी?”

मालगुजार म्हणाले, “पुढं जो हाय, त्याचे.”

धुतले हो! कुंकू लावलं, ओवाळलं, आणि आख्खी पुरणपोळी माझ्या तोंडात कोंबली. मला तर एकच घोर. तसाच बरळलो, “मालक, माझी नोकरी?”

“लॉरी पयली आली ना? नोकरी पक्की. आता डायवरची का बैलाची, थे उद्या सांगतो.”

तोंड भरलेलं. बोलणार काय? मी मुकाट्यानं मान डोलावली आणि रवंथ करत उभा राहिलो.