काय थांबू शकतं, हे विचारणारे पाठक सर

पाठक सरांची आणि माझी ओळख नगरच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या गाळ्यात झाली. सर भिंग धरून एका नेटवर्क स्विचवरचे बारीक आकडे वाचत होते. एका डोळ्यात मोतीबिंदू तेव्हाच उतरू लागला होता. मी केबल ओढायचं काम मागायला गेलो होतो. शाळा नववीत सुटलेली, पुढं टेम्पो, गॅरेज, हॉटेल असं सगळं धरून सोडलेलं. सरांनी शाळेचं विचारलंच नाही. "शिडीवर भीती वाटते का?" म्हणाले. वाटते म्हटलं. "मग ये उद्यापासून."

आज सरांच्या साठीनिमित्त हे लिहितोय तो कतारमधल्या दोह्यातल्या खोलीत बसून. सरांच्या पुष्कळ कामांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी एकच काम जवळून पाहिलं, तेवढं सांगतो.

पारनेरकडच्या एका दूध प्लांटमध्ये फोनवरचं बोलणं मध्येच तुटत होतं. प्लांट आणि ऑफिस यांच्यामध्ये एकच मुख्य केबल. कॅमेऱ्यांची चित्रं, कॉम्प्युटरचं काम, फोन, सगळं तिच्यावरूनच जायचं. गर्दी झाली की कुणाला आधी सोडायचं, हे स्विचला सांगून ठेवावं लागतं. आधीच्या माणसानं कुणी नाराज नको म्हणून सगळ्यांनाच पहिला नंबर दिला होता. मग रांग राहिलीच कुठं?

सरांची रीत अशी, की स्विचला हात लावण्याआधी ते प्रत्येक खात्यात जाऊन बसत, चहा घेत आणि विचारत, "तुमचं काय थांबू शकतं?" महत्त्वाचं काय, असं ते विचारत नसत. त्यावर जो तो आपलंच सांगतो.

दूध थंड करणारी यंत्रं अमोनियावर चालतात. त्या कॉम्प्रेसर खोलीत आप्पा असत. ते म्हणाले, "सर, ह्यो फोन नुसता खरखरतोय. उद्या वायू सुटला तर काय कॅमेऱ्याम्होरं हात हलवू व्हय?"

सर हसले नाहीत. त्यांनी फोनला पहिली रांग दिली, तीही मोजकी, म्हणजे बाकीच्यांची वाट अडणार नाही. कॅमेरे आपलं सगळंच तातडीचं आहे असा शिक्का स्वतःच मारून पाठवत होते. तो शिक्का मानू नको, असं सरांनी स्विचला बजावलं आणि चित्रं मागं नेली.

चेअरमन साहेब तापले. "माझ्या केबिनातलं चित्र अडकतंय. मी चेअरमन हाय का कोन?"

"आहात ना साहेब," सर म्हणाले. "चित्र जरा उशिरा आलं तर तुमचं काही जात नाही. आप्पांचा शब्द तुटला तर माणसं जातील."

"न्हाई बदललं तर दुसरा मानूस बघतो."

"बघा. पण हे मी बदलणार नाही."

त्याच आठवड्यात भर दुपारी आम्ही ऑफिसात असताना फोन वाजला. आप्पांचा आवाज होता. "वायू सुटलाय! गेटाकडं नगा नेऊ कुनाला, वारं तिकडंच हाय. मागल्या दारानं काढा!" शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. सगळे मागच्या दारानं बाहेर पडले. आप्पाही झडप बंद करून, खोकत आले.

चेअरमन साहेब म्हणाले, "माझं चित्र तर गेटावरच अडकलं हुतं."

"बरं झालं साहेब," आप्पा म्हणाले, "न्हाईतर तुमी बघतच बसला असता."

साहेबही हसले. दुसरा माणूस काही आला नाही.

पुढं मला परदेशी जायची ओढ लागली. सर रागावतील वाटलं होतं. त्यांनी केबलच्या टोकाला पिन दाबून बसवायची आपली क्रिम्पिंगची पक्कड माझ्या पिशवीत टाकली. "तिथंही आधी विचारून घेत जा," एवढंच बोलले. मी इथं दोन कंपन्या बदलल्या. पक्कड तीच आहे.

गेल्या महिन्यात फोनवर डोळ्याचं विचारलं. ऑपरेशन अजून झालेलं नाही. "अरे, ते थांबू शकतं," सर म्हणाले. वहिनी मागून बोलल्या, "इतकी वर्षं हेच ऐकतेय मी."

सर, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण या रांगेत तुम्ही चुकलात. प्रत्येकाला विचारलंत, वहिनींना तेवढं विचारायचं राहिलं. या समारंभाचे हार उतरले की आधी डॉक्टरांकडे जा. मग दोन्ही डोळ्यांनी, भिंगाशिवाय, पुष्कळ वर्षं ते बारीक आकडे वाचा. मी सुट्टीवर आलो की शिडी धरायला येतोच.